एअर इंडिया–इंडियन एअरलाइन्स विलीनीकरण : वैमानिकांचा वाद

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी विमान कंपन्या २००७ मध्ये एकत्र आल्यावर त्यांच्या वैमानिकांत वेतन, सेवाज्येष्ठता आणि नव्या विमानांवरील प्रशिक्षण यांवरून उफाळलेला संघर्ष. २०११ व २०१२ मधील दोन मोठे संप त्यातूनच झाले.

पार्श्वभूमी : १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर परदेशी मार्ग एअर इंडियाकडे, तर देशांतर्गत व शेजारी देशांचे मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे आले. पहिलीचे मुख्यालय मुंबईत नरिमन पॉइंटला, दुसरीचे दिल्लीत. पहिलीच्या वैमानिकांची संघटना इंडियन पायलट्स गिल्ड, दुसरीच्या वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. प्रफुल्ल पटेल नागरी विमान वाहतूक मंत्री असताना ऑगस्ट २००७ मध्ये दोन्ही कंपन्या नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडियात विलीन झाल्या. २०१० मध्ये तिला एअर इंडिया हे नाव मिळाले. वेतनाचे करार आणि ज्येष्ठतेच्या याद्या मात्र वेगळ्याच राहिल्या.

मानाची उतरंड : दोन मार्गिकांची वाइड-बॉडी विमाने आणि लांब पल्ल्याची उड्डाणे ही या व्यवसायात वरची पायरी मानली जाते. एअर इंडियाचे वैमानिक तिच्यावर आपला परंपरागत हक्क सांगत. इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक एअरबस ए-३२० सारख्या विमानांवर एकाच दिवसात अनेकदा उड्डाण करून उतरत. हे काम कमी कौशल्याचे समजले जाते, ही त्यांची खंत होती आणि ती रास्त होती. दुसऱ्या बाजूचीही अडचण खरी होती. देशांतर्गत सेवेत सहवैमानिकाला कमांडरपद लवकर मिळे, वाइड-बॉडीवर त्यासाठी बरीच वर्षे थांबावे लागे. पदानुसार एकच यादी केली, तर आपण मागे पडू, ही एअर इंडियाच्या सहवैमानिकांची भीती होती.

२०११ चा संप : इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या पगारात उड्डाणाच्या तासांवर मिळणाऱ्या भत्त्याचा वाटा मोठा होता. वेळापत्रकातले तास घटले की महिन्याची मिळकतही घटे. एअर इंडियाच्या बरोबरीने वेतन मिळावे आणि ठरावीक तासांची हमी असावी, अशी त्यांची मागणी होती. कंपनीतील गैरकारभाराच्या चौकशीचीही मागणी जोडून सुमारे ८०० वैमानिकांनी एप्रिलअखेर काम थांबवले. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली, व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढून घेतली आणि काही पदाधिकारी बडतर्फ झाले. सरकारच्या आश्वासनानंतर ६ मे रोजी संप मिटला. वेतन व ज्येष्ठतेच्या एकत्रीकरणासाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला.

२०१२ चा संप : बोइंग ७८७ ड्रीमलायनर ही विमाने विलीनीकरणापूर्वी एअर इंडियासाठी मागवली होती, म्हणून त्यांवरील प्रशिक्षण आपल्यालाच मिळावे, असे गिल्डचे म्हणणे होते. व्यवस्थापनाने दोन्ही गटांतून वैमानिक पाठवायचे ठरवताच मेमध्ये गिल्डच्या वैमानिकांनी सामूहिक आजारपणाच्या रजा टाकल्या. लांब पल्ल्याची उड्डाणे कोलमडली, सुमारे शंभर वैमानिक बडतर्फ झाले आणि गिल्डचीही मान्यता गेली. ५८ दिवसांनी, ३ जुलै रोजी, दिल्ली उच्च न्यायालयात हमी देऊन वैमानिक कामावर परतले. त्या काळात सरकार कर्जबाजारी कंपनीत ३०,००० कोटी रुपयांहून अधिक भांडवल ओतण्याच्या योजनेला नुकतीच मंजुरी देऊन बसले होते. संपाचा भुर्दंड अखेर करदात्यांवर आणि अडकून पडलेल्या प्रवाशांवर पडला.

नंतरचा काळ : जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटा समूहाकडे गेली. २०२३ मध्ये नवी वेतनरचना नाकारताना गिल्ड आणि असोसिएशन एकत्र उभ्या राहिल्या. २०२४ मध्ये ‘विस्तारा’ ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन होण्याआधी तेथील वैमानिकांच्या हमीच्या वेतनाचे तास ७० वरून ४० वर आणताच अनेक उड्डाणे रद्द झाली.

मूल्यमापन : दोन्ही गटांना दुराग्रही ठरवणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. वैमानिकाला कोणते विमान, कोणता मार्ग आणि केव्हा बढती मिळणार, हे यादीतल्या क्रमांकावर ठरते. तो क्रमांक कसा लावायचा, हे विलीनीकरणाआधी ठरायला हवे होते. ते चार वर्षे टाळले गेले आणि धोरणकर्त्यांनी सोडलेला प्रश्न सहकाऱ्यांनी एकमेकांविरुद्ध लढवला.