कल्हईचा पांढरा धूर

कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोक्यांचा आवाज अजून येतो. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही आळी. त्यांच्या हंड्या-बंबांचं आणि माठारकामाचं कौतुक आता सगळेच करतात. पण त्या भांड्यांत आमटी शिजवायची तर आणखी एक माणूस लागे, कल्हईवाला. त्याचं नाव कुणी घेत नाही.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. पदार्थाच्या अवस्था म्हटलं की फळ्यावर बर्फ, पाणी, वाफ ठरलेलंच. त्याहून सरस धडा आमच्या वाड्याच्या अंगणात होई. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, शेजारी कातडी भाता. घासलेलं पातेलं सांडशीत धरून तापवायचं आणि नवसागराची चिमूट टाकायची, की भपकन पांढरा धूर! नवसागर वितळण्याच्या भानगडीत पडत नाही. तापला की त्याचे थेट दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. दुसरा वायू धातूवरची ऑक्साइडची काळी पुटं काढून टाकतो. वर जाऊन गार झाले की दोघे पुन्हा एक होतात. म्हणजे आम्ही पोरं ज्या धुरापासून नाक दाबून पळायचो, त्यात नवसागराचेच बारीक घन कण असत.

मग कथील. ते २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १०८५ला. या दोन आकड्यांमधल्या अंतरावर सगळा धंदा उभा होता. कापसाच्या बोळ्याने तो रस आतून फिरवला की भांडं लख्ख. कथील तांब्याशी जुळतं तिथे मिश्रधातूचा पातळ थर तयार होतो, म्हणून कल्हई रंगासारखी खपल्या धरून निघत नाही. शेवटी भांडं पाण्यात, चर्र!

"रिकामं पातेलं चुलीवर ठेवू नकोस गं, कल्हई उडेल," असं आजी आईला बजावायची. आत पाणी असेपर्यंत भांड्याचा तळ शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही. रिकामा तळ मात्र बघता बघता २३२ ओलांडतो. आजीला आकडा ठाऊक नव्हता, नियम पक्का होता.

पुढे ॲल्युमिनियम आलं, मग स्टेनलेस स्टील. पितळी भांडी मोडीत गेली, ती घाई झाली असं माझं मत. वाडे पाडून इमारती उठल्या. फरशीच्या पार्किंगमध्ये भट्टीचा खड्डा खणणार कुठे?

आता तांब्या-पितळेची हौस परतली आहे. हौस जरूर करा, पण कल्हईशिवाय त्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवू नका, कळकेल. आणि कल्हई फारच स्वस्तात होत असेल तर कथील शुद्ध आहे ना, हे विचारा. कथील महाग, शिसं स्वस्त. शिशाची भेसळ केलेलं कथील १८३ अंशांपासूनच वितळू लागतं, आणि शिसं पोटात जाणं वाईट.