विश्रामबागवाड्याचा उंबरठा

पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधला. त्याच्या सागवानी सुरूदार खांबांचे, केळफुलांच्या कोरीवकामाचे कौतुक होते. ते रास्तही आहे. पण वाड्याला नाव चिकटले ते पेशव्याचे, लाकूड कोरणाऱ्या हातांचे नव्हे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८२१ मध्ये कंपनी सरकारने इथेच संस्कृत पाठशाळा काढली, तीही ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. राज्य बदलले, उंबरठा तोच राहिला. पुढे १६ नोव्हेंबर १८५२ रोजी याच वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुल्यांचा शिक्षणकार्याबद्दल शालजोडी देऊन सत्कार झाला. शूद्रातिशूद्रांना नाकारलेल्या विद्येचा कैवारी तो उंबरठा ओलांडून आत आला होता.

वारसा म्हणून केळफुले दाखवणाऱ्यांनी ही तारीखही सांगितली पाहिजे. नाहीतर जतन होईल ते केवळ लाकडाचे.