कांबळी, मामा आणि शंभरपानी वही

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पुन्हा एकदा पॉल पोग्बाची उलटतपासणी झाली. आमच्या टीममध्ये मँचेस्टर युनायटेडचे चार कट्टर भक्त आहेत. २०१६ साली ८९ मिलियन पौंड मोजून आणलेला हा मिडफिल्डर २०२२ मध्ये करार संपला म्हणून फुकटात निघून गेला. त्यालाही आता वर्षं झाली, पण भांडण काही मिटत नाही. एक म्हणतो, असा पास देणारा पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणतो, पासचं काय घेऊन बसलास, पाचातल्या एका मॅचला खेळायचा गडी!

मी आपला वरण-भात कालवत ऐकत होतो. (फुटबॉलमधलं मला ऑफसाइडच्या पलीकडे फारसं कळत नाही, आणि ऑफसाइडही कळतं असं फक्त वाटतं.) पण भांडण अगदी ओळखीचं होतं. खेळ बदला, नाव बदला, हेच भांडण मी लहानपणी उमरग्यात शेकडो वेळा ऐकलंय. तिथे पोग्बाच्या जागी विनोद कांबळी होता.

उमरगा म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. आमच्या घरात या वादाचे दोन पक्ष होते. एक माझे वडील, शाळेत गणिताचे मास्तर. दुसरा माझा मामा, सास्तूरकडचा. तो आमच्याकडे राहायला आला त्याचं कारण क्रिकेट नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच घरं त्या पहाटे माणसांच्या अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मामा आणि आजी अंगणात झोपले होते म्हणून वाचले. घर गेलं.

त्यानंतर कित्येक महिने आमच्या घरातही छताखाली झोपायला कुणी तयार नव्हतं. अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं होतं आणि टीव्हीसुद्धा उचलून त्यात आणला होता. २७ नोव्हेंबरला हीरो कपची फायनल त्या शेडमध्ये बसून बघितली. समोर वेस्ट इंडीज. नंतर सगळ्यांच्या लक्षात राहिला तो अनिल कुंबळे, १२ धावांत ६ बळी. पण त्याच्या आधी भारताच्या डावात सगळ्यात जास्त धावा कुणाच्या होत्या? कांबळीच्या, ६८. भूकंपापासून मामा हूं की चूं करत नव्हता. त्या दिवशी तो पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "दाजी, बघा! ह्यो सचिनच्या फुडं जाणार!"

वडिलांनी शंभरपानी वही काढली आणि ६८ चा आकडा टिपून ठेवला. "बघू," एवढंच म्हणाले.

आता ज्यांचा जन्मच तेव्हाचा किंवा नंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडी उजळणी. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सेमीफायनलला शारदाश्रमच्या दोन पोरांनी आझाद मैदानावर ६६४ धावांची भागीदारी केली. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. म्हणजे त्या दिवशी जास्त धावा कांबळीच्या होत्या. रणजीत त्याने पहिल्याच चेंडूवर सिक्स मारली. १८ जानेवारी १९९३ ला, आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, जयपूरला इंग्लंडविरुद्ध वन-डे शतक ठोकलं. त्याच महिन्यात कलकत्त्याला कसोटी पदार्पण. फेब्रुवारीत वानखेडेवर २२४, मार्चमध्ये दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्ध २२७, मग श्रीलंकेत १२५ आणि १२०. कसोटीतल्या पहिल्या हजार धावा त्याने १४ डावांत पुऱ्या केल्या. इतक्या कमी डावांत कुठल्याच भारतीयाने केलेल्या नाहीत.

आणि मग? मग १९९४ च्या शेवटी वेस्ट इंडीज आपल्याकडे आले. कोर्टनी वॉल्श आणि केनेथ बेंजामिन यांनी छातीच्या उंचीवर मारा सुरू केला. सहा डावांत कांबळीच्या ६४ धावा, त्यात तीन भोपळे. नोव्हेंबर १९९५ मध्ये कटकला न्यूझीलंडविरुद्ध तो शेवटची कसोटी खेळला. वय वर्षे तेवीस! वन-डेत मात्र तो २००० पर्यंत आत-बाहेर करत राहिला. नऊ वेळा पुनरागमन केलं म्हणतात. मार्च १९९६ मध्ये ईडन गार्डन्सवर वर्ल्डकपची सेमीफायनल प्रेक्षकांनी बंद पाडली, तेव्हा नाबाद १० वर रडत बाहेर जाणारा कांबळी सगळ्या देशाने बघितला.

तोवर आमच्या घरातला वाद पक्का मुरला होता. मामाचं म्हणणं, पोराला मुद्दाम डावललं, चुकलं तर चुका सुधारायला वेळ तरी दिला का? वडिलांचं म्हणणं, गुणवत्ता आहे, सातत्य नाही. आखूड टप्प्याचा चेंडू खेळता येत नाही आणि शिस्तीच्या बातम्या रोज पेपरात येतात. मामा म्हणायचा, "दाजी, ५४ चा ॲव्हरेज असलेला माणूस कुणी काढतं का?" यावर वडील नुसतं हसायचे आणि वही मिटायचे.

मागच्या दिवाळीत उमरग्याला गेलो तेव्हा माळ्यावर ती वही सापडली. आता सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात आकडे पडले की काय होणार? लॅपटॉप उघडला आणि मांडले.

कांबळीच्या एकूण कसोट्या १७, डाव २१, एकदा नाबाद, धावा १०८४, सरासरी ५४.२०. मामा बरोबर. आता हेच दोन तुकड्यांत पाहू. पहिल्या ७ कसोट्या: ८ डाव, ७९३ धावा, सरासरी ११३.२९. पुढच्या १० कसोट्या: १३ डाव, २९१ धावा, सरासरी २२.३८. वडीलही बरोबर!

म्हणजे ५४ नावाचा फलंदाज कधी नव्हताच. एक ११३ चा होता, एक २२ चा. वर्षानुवर्षं दोघं एकाच माणसाबद्दल भांडतायत असं आम्हाला वाटायचं. खरं तर मामा पहिल्या कांबळीबद्दल बोलत होता आणि वडील दुसऱ्या.

पण किडा एवढ्यावर थांबला नाही. समजा, हेच २१ डाव उलट्या क्रमाने लावले. रीव्हर्स सॉर्ट म्हणा हवं तर. सरासरी तीच, ५४.२०. पण गोष्ट काय होईल? सुरुवातीला चाचपडणारा पोरगा, वॉल्शसमोर शून्यावर जाणारा, आणि मग शेवटच्या सात कसोट्यांत चार शतकं, त्यातली दोन द्विशतकं. त्याला आपण ‘सातत्य नाही’ म्हटलं नसतं, ‘जिद्द’ म्हटलं असतं. आकड्यांना चढ-उतार असतोच, पण आपण नाव ठेवतो ते शेवटच्या दिशेवरून.

उलट्या क्रमाची माणसं खरीच झालीत की. श्रीलंकेचा मार्वन अटापट्टू घ्या. पहिल्या सहा डावांत पाच शून्यं आणि एक १. तीन कसोट्यांना तीन वर्षांहून जास्त काळ लागला, कारण दर वेळी हकालपट्टी. पुढे त्याने साडेपाच हजार धावा केल्या, सहा द्विशतकं काढली. स्टीव्ह वॉला पहिलं कसोटी शतक मारायला २७ वी कसोटी उजाडली. कांबळी एकूण सतराच खेळला!

इथे मामाचा वेळेचा मुद्दा वहीतल्या तारखांवरून नीट तपासता येतो. वेस्ट इंडीजची मालिका डिसेंबर १९९४ मध्ये संपली. त्यानंतर भारताची पुढची कसोटी होती ऑक्टोबर १९९५ मध्ये. मधे दहा महिने कसोटीच नाही. मग न्यूझीलंडच्या तीन कसोट्या, त्यातही पावसाने घोळ घातलेला. कांबळीला डाव मिळाले दोन. त्यानंतर भारत कसोटी खेळला थेट जून १९९६ मध्ये, इंग्लंडमध्ये. तिथे लॉर्ड्सवर सौरव गांगुली आणि राहुल द्रविड एकाच मॅचमध्ये पदार्पणाला उतरले, एकाने १३१ केल्या, दुसऱ्याने ९५. झालं. मधल्या फळीचं दार आतून बंद.

म्हणजे त्याचा पडता काळ आला तो नेमका कसोट्यांच्या दुष्काळात. वन-डे भरपूर होत्या, तिथे तो १०४ खेळला, सरासरी ३२.५९. पण आखूड टप्प्याचा सामना तासन् तास करायचं शिक्षण वन-डेत मिळत नाही. जिथे ५४ होती तिथे १७ मॅच, जिथे ३२ होती तिथे १०४! आणि लोकांच्या डोळ्यांसमोर राहिला तो वन-डेतला, आज ९०, उद्या ३ वाला कांबळी.

याचा अर्थ वडील चूक होते असं नाही. वॉल्शचा चेंडू खरोखर खेळता येत नव्हता, आणि डावललेला माणूस रणजीत परत जाऊन दार ठोठावू शकतो. प्रथम श्रेणीत त्याने जवळजवळ दहा हजार धावा केल्या, सरासरी साठाला टेकलेली. म्हणजे हात शाबूत होता. तरी कसोटीचं दार उघडलं नाही, त्याचा काही वाटा त्याच्याकडेही जातो. फक्त तो वाटा केवढा, हे सात आणि दहा कसोट्यांवरून ठरवणं मला आता तितकं सोपं वाटत नाही.

मामाचं काय झालं? भूकंप झाला तेव्हा तो आयटीआयला होता, ते सुटलं. पिठाची गिरणी काढली, बंद पडली. एसटीडी बूथ काढला, तो जोरात चालला, आणि मोबाइल आले. नातेवाईक म्हणायचे, "हुशार आहे हो, पण सातत्य नाही." शब्द तेच. तो कांबळीसाठी इतका का भांडायचा हे मला फार उशिरा कळलं. आज त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि गेली पंधरा वर्षं ते बरं चाललंय. त्याचे डाव उलट्या क्रमाने पडले, एवढंच.

डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात सचिन आणि कांबळी भेटले. थकलेला कांबळी सचिनचा हात धरून बसलाय, तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. रात्री मामाचा फोन आला. म्हटलं, आता पुन्हा सुरू होणार. पण तो एवढंच म्हणाला, "बघितलंस का? माझ्याच वयाचा आहे रे." आणि वडिलांना फोन दे म्हणाला. ते दोघं बराच वेळ बोलले. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

हे सगळं आज का आठवलं? पोग्बा निमित्त झाला, खरं कारण वेगळं आहे. आमच्याकडे अप्रेझलचा हंगाम चालू आहे. टीममधला एक पोरगा, वर्षाचे पहिले सात-आठ महिने त्याने जे काम केलं ते मी या वयात केलं नसतं. शेवटचे चार महिने मात्र नुसती घसरण. फॉर्ममध्ये ‘सातत्य’ नावाचा रकाना आहे, पाचपैकी मार्क द्यायचे. मी शुक्रवारी २ लिहून ठेवले होते.

काल ते खोडलं. ४ केले नाहीत, कारण घसरण खरी आहे. रकाना रिकामा ठेवलाय आणि सोमवारी सकाळी साडेदहाला त्याच्याबरोबर बसायचं ठरवलंय. या चार महिन्यांत त्याच्यासमोर कुठला वॉल्श होता, हे मी त्याला एकदाही विचारलेलं नाही.