निहाली माता, मराठी नोंद

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली भाषा बोलणाऱ्यांच्या वस्त्या आहेत. ग्रिअर्सनकृत भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) या भाषेची नोंद झाली. १९६२ साली डच पंडित कुइपर यांनी तिचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक अभ्यासक तिला स्वतंत्र भाषा मानतात. तथापि तिच्यात कोरकू शब्दांचा भरणा मोठा आहे. यावरून या समाजाची द्विभाषिकता जुनी आहे, हे उघड होते.

१९७१ पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषकांच्या मातृभाषा स्वतंत्रपणे दर्शविल्या जात नाहीत. निहाली भाषक तर दोन-तीन हजारच. जी भाषा कोष्टकात नाही, तिच्यासाठी दुभाषी नेमण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

परंतु बाजारव्यवहारास पुरणारी मराठी आजारी मुलाची लक्षणे सांगण्यास पुरेलच असे नाही. तान्हे मूल बोलत नाही. आईच त्याची पहिली दुभाषी. तिचे म्हणणे पती किंवा थोरले भावंड सांगू लागले, की ताप कितव्या दिवसाचा, अंगावर पिणे केव्हा सुटले, हा तपशील गळतो. वैद्यही आईस सोडून मध्यस्थाशीच बोलू लागतो. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावातीलच स्त्री ‘आशा’ म्हणून निवडण्याचे धोरण आले. त्यामुळे अंतर घटण्यास वाव मिळाला. मात्र ते पद दुभाष्याचे नव्हे.

म्हणून दवाखान्याच्या कागदांतील ‘आईने सांगितले’ हे शब्द इतिहासाभ्यासकाने सावधपणे वाचावेत. ते तिसऱ्याच मुखातून आलेले असू शकतात.