चित्र हा प्रबंध असतो का?

'इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ फाइन आर्ट्स डीन्स' हे नाव वाचून कुणाला फार उत्सुकता वाटेल असं नाही. विद्यापीठांतल्या कलाशाखा सांभाळणाऱ्या डीन मंडळींची ही संघटना १९६४ पासून आहे. संगीत, नाटक, नृत्य, चित्रकला या सगळ्यांचा कारभार बघणारे लोक तिथे एकत्र येतात आणि बजेट, इमारती, नेमणुका यांवर बोलतात. म्हणजे मीटिंगच. पण अशा संघटना लागल्या कशाला, हे शोधत मागे गेलं की एक जुनं भांडण सापडतं: ज्याच्या हातात कला आहे पण नावापुढे 'डॉक्टर' नाही, त्याला विद्यापीठाने प्राध्यापक म्हणायचं की नाही?

आधी प्रश्न साधा होता. एका कॉन्झर्वेटरीत दोन वर्षं पियानो शिकलेली मुलगी दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात गेली, तर तिला किती क्रेडिट द्यायचे? रोजच्या चार तासांच्या रियाजाचे किती? प्रत्येक संस्थेचा हिशेब वेगळा. म्हणून १९२४ मध्ये अमेरिकेतल्या संगीतशाळांनी 'नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिक' स्थापन केली आणि पदव्यांचे किमान निकष ठरवायला घेतले. सरकारने काही सांगितलं नव्हतं. शाळांनी आपापसात ठरवलं. इंटरनेटचे प्रोटोकॉलही असेच चालतात. ते पाळले नाहीत म्हणून कुणी पकडून नेत नाही, पण मग तुमच्या मशीनशी बाकीच्या मशीन बोलत नाहीत.

चित्रकलेचा गुंता मोठा होता, आणि तो बघायला आयोवात जावं लागतं. मक्याच्या शेतांचं हे राज्य. तिथल्या विद्यापीठाच्या पदव्युत्तर शाखेचे डीन कार्ल सीशोर हे मानसशास्त्रज्ञ. १९२२ मध्ये विद्यापीठाने जाहीर केलं, की प्रबंधाऐवजी कविता, संगीतरचना, चित्र असं स्वतःचं सर्जनशील कामही पदवीसाठी चालेल. आज हे वाचून काही वाटत नाही. त्या काळी मात्र विद्यापीठ म्हणजे तळटीपा.

दार उघडलं, पण आत नांदणं सोपं नव्हतं. 'अमेरिकन गॉथिक' हे चित्र तुम्ही मीम म्हणून तरी नक्की पाहिलं असेल: हातात काटेरी फावडं घेतलेला शेतकरी आणि शेजारी ताठ उभी बाई. ते काढणारे ग्रँट वुड १९३४ पासून आयोवात शिकवत होते. देशभर नाव, पण विद्यापीठाची पदवी नाही. १९३६ मध्ये विभागप्रमुख म्हणून लेस्टर लाँगमन आले, कला-इतिहासातले डॉक्टर. दोघांचं बिनसलं. वुड फोटोंचा आधार घेतात इथपासून कुजबुज सुरू झाली. पुढे वुड रजेवर गेले आणि १९४२ च्या फेब्रुवारीत वारले. लाँगमनना नुसतं खलनायक करणं मला पटत नाही. कलाविभागाला शिस्त असावी, हा त्यांचा आग्रह रास्त होता. फक्त ती शिस्त कुणाच्या फूटपट्टीने मोजायची, एवढाच वाद होता.

याच विभागातून १९४० मध्ये तिघांना 'मास्टर ऑफ फाइन आर्ट्स', म्हणजे एमएफए पदवी मिळाली. त्यात एक होत्या एलिझाबेथ कॅटलेट, वुड यांच्या विद्यार्थिनी. पदवीसाठी त्यांनी चुनखडीत माय-लेकराचं शिल्प घडवलं. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायला परवानगी नव्हती. (२०१७ मध्ये तिथे उघडलेल्या नव्या वसतिगृहाला त्यांचं नाव दिलं आहे.) पुढे त्या मेक्सिकोला गेल्या आणि १९५९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठात शिल्पकला विभागाच्या प्रमुख झाल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना सरकारी खर्चाने शिकायची सोय झाली आणि अमेरिकन कॉलेजं भरून वाहू लागली. कलाविभाग वाढले, शिक्षक हवे झाले. मग बढतीच्या वेळी तोच प्रश्न: रसायनशास्त्रवाल्याकडे पीएचडी, शिल्पकाराकडे एमएफए, मग पगार सारखा का? डीनने काय उत्तर द्यायचं? 'काम बघा हो, सुंदर आहे' हे कुलगुरूंच्या टेबलावर चालत नाही. तिथे कागद लागतो.

तो कागद 'कॉलेज आर्ट असोसिएशन'ने दिला. कलाशिक्षक आणि कला-इतिहासकारांची ही १९११ सालची संघटना. १९७७ मध्ये तिने एमएफएचे निकष अधिकृतपणे मंजूर केले: प्रत्यक्ष कलानिर्मितीत हीच शेवटची, सर्वोच्च पदवी. त्यापुढे पीएचडी मागू नये. ठराव काही कायदा नव्हे. पण डीनच्या हातात दाखवायला काहीतरी आलं.

आपल्याकडे ही कहाणी वेगळ्या वाटेने गेली. मुंबईचं सर जे. जे. स्कूल १८५७ चं, पण कित्येक दशकं तिथून डिप्लोमाच मिळत असे. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाने १९५० मध्ये ललितकलांची स्वतंत्र फॅकल्टी काढली. तिथे चित्रकला विभाग सांभाळायला आले नारायण श्रीधर बेंद्रे, इंदूरचे मराठी चित्रकार. शिक्षण मुंबईच्या कलाडिप्लोमाचं. १९५९ मध्ये ते त्याच फॅकल्टीचे डीन झाले. त्यांच्या काळातल्या बडोद्यातून कोण कोण घडलं हे चित्रकलेत रस असलेल्यांना सांगायला नको. १९६६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि मुंबईत येऊन चित्रं काढत राहिले.

आज भारतात हा निर्णय संघटनेकडे नसून यूजीसीकडे आहे. २०१८ च्या नियमावलीत दृश्यकलांच्या शिक्षकांसाठी नेट-पीएचडीच्या शेजारी दुसरी वाट ठेवली आहे: उल्लेखनीय काम असलेला व्यावसायिक कलाकार. अट चांगली आहे. पण 'उल्लेखनीय' म्हणजे काय, हे मुलाखतीच्या दिवशी टेबलापलीकडे बसलेली चार-पाच माणसंच ठरवतात, आणि त्यांच्यासमोर पोर्टफोलिओ उघडून बसलेल्या उमेदवाराला अजून पहिला प्रश्न पीएचडीचाच येतो.