कल्याण कॅम्प आणि ६१९ अक्षरं

कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलचं पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी, दुसरं उल्हासनगर. पण पत्ता सांगताना इथली माणसं आजही कॅम्पचा नंबर सांगतात. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, तिचं नाव कल्याण कॅम्प. युद्ध संपलं, बराकी ओस पडल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर निर्वासितांनी त्या बराकींत संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून वसाहतीचं नाव पडलं.

सिंधी माणसांनी सोबत काय आणलं, हे पुष्कळदा लिहिलं गेलं आहे: भाषा, झुलेलाल, पापड, व्यापाराची जाण. काही घराण्यांच्या रक्तातून आणखी एक गोष्ट आली. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचं जनुक.

हा आजार डेट्रॉइटच्या थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये वेगळा ओळखला. भारतातल्या रुग्णाची पहिली नोंद १९३८ मध्ये कलकत्त्यात झाली. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला, म्हणजे वाहक, माणूस ठणठणीत असतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक. असं बाळ काही महिन्यांचं होताच फिकुटतं, आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवण्याची फेरी सुरू होते.

पेशीत काय बिनसतं याचा धागा ग्रीसच्या फेडॉन फेसास यांना १९६३ मध्ये सापडला. रुग्णांच्या तांबड्या पेशींत त्यांना प्रथिनाचे कण साकळलेले दिसले. हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा साखळ्यांच्या जोड्यांनी बनतं. बीटा कमी पडली की अल्फा बिनजोडीची उरते, आणि हे कण त्याच उरलेल्या अल्फाचे. त्यांच्यामुळे कोवळ्या पेशी अस्थिमज्जेतच मरतात.

मग बीटाच्या जनुकाचा शोध सुरू झाला. १९७८ मध्ये ते ११ व्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात टॉम मॅनिएटिस यांच्या गटाने माणसाच्या डीएनएचे तुकडे जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंत भरले, त्या लाखो तुकड्यांतून हे जनुक वेचून काढलं आणि त्याच्या हव्या तितक्या प्रती करण्याची सोय झाली. क्लोनिंग म्हणतात ते हेच. आता रुग्णाचं जनुक निरोगी जनुकाशेजारी ठेवून बघता येऊ लागलं. १९७९ मध्ये काही भारतीय रुग्णांचं जनुक चक्क तोकडं निघालं. १९८२ मध्ये रिचर्ड स्प्रिट्झ आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी डीएनएची गळालेली अक्षरं मोजली. ती भरली ६१९. जनुकाची शेपटीच तुटलेली! हा दोष मुख्यतः मूळच्या सिंध-गुजरातच्या घराण्यांत आढळतो.

तो इतक्या पिढ्या टिकला कसा? उल्हासनगरची कोनशिला बसली त्याच १९४९ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांचं एक अनुमान छापून आलं, की थॅलेसेमियाचे वाहक मलेरियाला अधिक तोंड देऊ शकत असावेत. सिंधूकाठच्या प्रदेशाला ते लागू पडतं. त्यात समाजातल्या समाजात लग्नं. काही पाहण्यांत सिंधी समाजात शंभरात दहाहून अधिक वाहक सापडले, तर देशाची सरासरी तीन-चार आहे.

तरीही याला 'सिंध्यांचा आजार' म्हणणं चूक आहे, आणि क्रूरही. भारतीय उपखंडातले बहुतेक रुग्ण पाच दोषांत बसतात, हे १९९१ मध्ये दाखवून देण्यात आलं. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा दोष एका अक्षराच्या बदलाचा आहे आणि तो मराठी घरांतही सापडतो. ठाण्यातल्या, डोंबिवलीतल्या मुलामुलींनी पत्रिका दाखवण्याआधी रक्त तपासून घ्यावं. वाहकाच्या रक्तात हिमोग्लोबिन ए-२ साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर जातं. एका नमुन्यात ते कळतं.

दोघेही वाहक निघाले, तर दहाव्या-अकराव्या आठवड्यानंतर वारेचा इवलासा तुकडा घेऊन गर्भाचं जनुक तपासता येतं. ६१९ अक्षरं गळालेली असतील तर जनुकाचा तो तुकडा आखूड असतो. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलमध्ये तो निरोगी तुकड्याच्या पुढे पळतो, आणि त्याची रेघ खाली, वेगळी उमटते.