एका चौकोनात सदतीस प्लॉट

विल्यम लॅम्ब्टन नागपूरला पोहोचलेच नाहीत. १८०२ साली मद्रासला सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेकडे सरकवत ते हैदराबादहून निघाले आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. त्यांच्या मोजणीची एक खूण नागपुरात १९०७ साली उभी राहिली : झिरो माइलचा दगडी स्तंभ. नागपूरकर तो देशाचा मध्यबिंदू म्हणून पाहुण्यांना दाखवतात. त्याचं मूळ काम समुद्रसपाटीपासूनची उंची सांगण्याचं. आजूबाजूच्या जमिनीत कोण काय पेरतो, याच्याशी त्या मोजणीला कर्तव्य नव्हतं.

ते काम पटवाऱ्याचं. बख्त बुलंद शाहानं १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं. सक्करदरा, फुटाळा, लेंड्रा ही त्यांतली नावं. शहर वाढलं, तरी सरकारी दप्तरात जमीन मौजा (गाव) आणि खसरा (शेताचा तुकडा) क्रमांकानंच ओळखली गेली. १९३६ च्या कायद्यानं नागपूर सुधार प्रन्यास आला आणि शेतांवर ले-आऊट पडू लागले. प्रन्यासाच्या मंजुरीआधीच काही ठिकाणी लोकांनी शेतांत प्लॉट पाडून विकले. जागेवर घर, कागदावर शेत! ‘५७२’ आणि ‘१९००’ ले-आऊट हे आकडे त्यातूनच नागपूरकरांच्या तोंडी बसले. अशी बिनमंजुरीची प्लॉटविक्री म्हणजे गुंठेवारी; ती नियमित करण्यासाठी २००१ साली राज्याला कायदा करावा लागला.

दरम्यान वरून पाहणारा डोळा आला होता. १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून ‘आयआरएस-१ए’ हा उपग्रह सुटला. त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, म्हणजे ‘एमआरसॅक’ स्थापन झालं. मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाचा राष्ट्रीय ब्युरो १९७६ पासून होताच, शिवाय इस्रोच्या सुदूर संवेदनाचं प्रादेशिक केंद्रही इथंच.

उपग्रहाच्या चित्रांत रंग खोटे असतात. अवरक्त किरणांमुळे हिरवं पीक लाल दिसतं. काटोलकडच्या संत्र्याच्या बागा गडद लाल, अंबाझरीचं पाणी काळपट, वस्ती निळसर-राखाडी. अडचण उन्हाळ्यात येते : रबी निघालं की उघडी जमीन आणि वस्ती संगणकाला सारखीच वाटू शकतात. म्हणून तुलना करायची तर दोन्ही चित्रं एकाच हंगामातली घ्यावी लागतात, आणि शंका आली की जागेवर जाऊन पाहावं लागतं.

दुसरी अडचण नजरेची. पहिल्या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा सर्वांत लहान चौकोन ७२.५ मीटर बाजूचा होता. दीड हजार चौरस फुटांचे सदतीस प्लॉट त्या एका ठिपक्यात मावतात. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या ठिपक्यात नऊ. नागपूर कोणत्या दिशेनं पसरतंय ते कळायचं, कोणाचं घर कुठं उठलं ते नाही. १९९५ च्या ‘आयआरएस-१सी’नं ५.८ मीटरपर्यंत मजल मारली आणि एक प्लॉट चार ठिपक्यांचा झाला. २००५ च्या ‘कार्टोसॅट-१’नं २.५ मीटर गाठलं. आता प्लॉटला बावीस ठिपके. २००८ मध्ये अमेरिकेनं १९७२ पासूनची लँडसॅट चित्रं फुकट खुली केली, आणि क्यूजीआयएससारख्या मोफत प्रणालीवर कॉलेजातला विद्यार्थीही गावाचे जुने-नवे नकाशे एकावर एक ठेवू लागला. २०२१ च्या दुरुस्तीनं गुंठेवारीची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली, तेव्हा तारीख असलेल्या अशा चित्रांचं मोल वाढलं : भिंत त्या दिवसाआधीची की नंतरची?

तरी एक गोष्ट आकाशातून दिसत नाही. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत जमशेटजी टाटांनी भराव घालून १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे गिरणी बंद पडली, त्या आवारात एम्प्रेस मॉल आला. दलदलीची गिरणी झाली, हा बदल उपग्रहानं ओळखला असता. गिरणीचा मॉल झाला, तो त्याच्या यादीत बदलच नव्हे. दोन्ही ‘बांधीव क्षेत्र’. तिथं कोणी काय काम करतं, हे त्याला कळत नाही; जागा कोणाच्या नावावर आहे, हे तर मालकीच्या कागदात, आखीव पत्रिकेतच सापडतं.

म्हणूनच खसऱ्याचे जुने नकाशे स्कॅन करून उपग्रहचित्रावर बसवण्याचा खटाटोप चालतो. हातानं काढलेल्या बांधाची रेघ कुठं रस्त्यात शिरते, कुठं नाल्यात. नागपूर महानगर प्राधिकरणाच्या सातशेहून अधिक गावांत ती रेघ दुरुस्त करण्याचं काम मोठं आहे, कारण तिथं शेतांवर अजून ले-आऊट पडत आहेत.